हलू नका, माप बिघडेल

एका माणसाने नाशपाती चावली आणि त्याचा वरचा पुढचा दात नाशपातीतच राहिला. माणूस शाळेत गाणं शिकवतो. 'सा' लावायला गेला तर नुसती फुंकर बाहेर आली.

*

चाकांच्या खुर्चीला पाच पाय असतात आणि तरी ती एका जागी राहत नाही.

*

लिफ्टच्या दारावर कागद चिकटवला होता: 'आपण सगळे मिळून वर जाऊ.' लिफ्ट बंद होती.

*

खोडरबरातून दाढ कोरायची असेल तर पांढरं खोडरबर घ्यावं. गुलाबी घेतलं की हिरडी कोरल्यासारखी वाटते.

*

"एसी आहे का पण?" नणंदेने फोनवर विचारलं. "खोलीला दार आहे? स्वतःचं? अगं, मग बोलत का नाहीस!"

*

पांढराशुभ्र दात खोटा असतो. खऱ्या दातात थोडा पिवळा असतो, थोडा राखाडी, आणि अगदी कडेला निळसर असं काहीतरी. ते फक्त दिवसाच्या उजेडात दिसतं. ट्यूबलाइटखाली सगळेच दात शहाण्यासारखे वागतात.

*

फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडले होते. त्यातला एकही माणूस आता त्या खोलीत काम करत नव्हता.

*

आता ओळीने.

दातांचे डॉक्टर दात बसवतात; बनवत नाहीत. ते तोंडाचं माप घेतात आणि डबीत घालून पाठवून देतात. ते जिथे पाठवतात तिथली ही गोष्ट. बाथरूमच्या फरश्या विकणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर एक लांबट खोली, तिच्यात टेबलांच्या दोन रांगा, कोपऱ्यात भट्टी, आणि सगळ्यांच्या केसांवर प्लास्टरची धूळ. नवा माणूस लागला की संध्याकाळपर्यंत म्हातारा होतो आणि घरी जाऊन डोकं धुतलं की पुन्हा तरुण.

या खोलीत आईबापांनी ठेवलेलं नाव कुणाचंच टिकत नसे. जो जे बनवतो ते त्याचं नाव. दाढा करणारा तो दाढोबा. पूर्ण कवळ्या करणारा तो कवळी. आणि पटाशीचे दात, म्हणजे जे हसताना दिसतात, फोटोत येतात आणि ज्यांच्यावरून गिऱ्हाईक रडतं, ते करणारी ती पटाशी. तिचं टेबल खिडकीला लागून होतं. चिनीमातीची पूड पाण्यात कालवायची, ब्रशच्या टोकावर घेऊन थरावर थर चढवायचे, भट्टीत घालायचं, काढायचं, खिडकीत धरायचं, तोंड वाकडं करायचं, पुन्हा थर. हे ती इतकी वर्षं करत होती की रस्त्यात कुणी तिला ओळख दाखवून हसलं तर ती आधी दात बघायची आणि मग माणूस. कित्येकदा माणूस बघायचं राहूनच जायचं. अशाने दोन मैत्रिणी तुटल्या होत्या.

वरच्या मजल्यावर ऑफिस. खालचं कुणी साहेब झालं की खालचे लोक 'वर गेला' म्हणायचे, आणि म्हणताना चेहरा पाडायचे. निरोपाची रीतही ठरलेली. जाणाऱ्याला खुर्चीत बसवायचं, त्याच्या तोंडात गुलाबी माल भरून माप घ्यायचं, त्यात प्लास्टर ओतून जबडा करायचा, खाली पेन्सिलने त्याचं खोलीतलं नाव लिहायचं आणि फळीवर ठेवायचा. त्या दिवसापासून ते नाव बंद. माणूस वर, जबडा खाली. वर तो 'सर'.

कवळी असाच सर झाला होता. एके काळी त्याने केलेली कवळी घालून म्हातारे लोक अक्रोड फोडायची पैज लावायचे. आता तो वर काचेच्या खोलीत बसून 'या तिमाहीत आपण कुठे आहोत' असं विचारायचा आणि कुणालाच माहीत नसायचं. तो निवृत्त व्हायला आला होता. म्हणजे खुर्ची रिकामी होणार. म्हणजे कुणीतरी वर जाणार.

कुणीतरी म्हणजे पटाशी, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. पटाशीने मात्र काहीच धरलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं? म्हटलं तर लोक म्हणणार, बाईला भलतीच घमेंड. गप्प राहिलं तर म्हणणार, बघा, कशी मनातल्या मनात उड्या मारतेय. ती गप्प राहिली. लोक म्हणाले, बघा.

*

तिचा नवरा गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जास्तीचा ब्रेक असतो, आणि आयुष्यात इतरत्र तो नाही याचं त्याला सारखं वाईट वाटतं.

"घे की," तो म्हणाला. "काय बिघडतंय? बसून तर काम."

"आत्ता काय उभ्याने करते?"

"तसं नाही गं. म्हणजे लोकांना सांगायचं, हे करा, ते करा."

"आणि त्यांनी वाईट केलं तर?"

"ओरडायचं."

"आणि तरी वाईट केलं तर?"

नवरा विचारात पडला. "मी ब्रेक दाबतो," तो म्हणाला.

"मला कुठला ब्रेक? दाढोबा दाढा करतो त्या चावायच्या नाहीत, नुसत्या बसवायच्या असतात. मी वर बसून त्याला पत्र लिहू? की तुमच्या दाढेत दाढपणा कमी आहे?"

"मग तुला नको आहे का?"

पटाशी काही साधू-संत नव्हती. डॉक्टर लोक फोन करून 'पुढचा दात आहे, बाईंनाच द्या' म्हणायचे तेव्हा ती फोनपासून लांब असली तरी तिला ऐकू यायचं. खाली ती पहिल्या नंबरची होती. वर गेली तर मधल्या कुठल्या तरी नंबरची साहेबीण होणार, सगळ्या मधल्या साहेबांसारखी, आणि हे तिला स्वच्छ दिसत होतं. दात करणं सुटलं तर आपल्याकडे दुसरं काय आहे, हेही दिसत होतं. एक नवरा होता, तो दिवसभर बाहेर.

"नको," ती म्हणाली. "पण अजून कुणी विचारलं नाहीये."

*

विचारलं ते असं.

दुपारची वेळ. गाण्याच्या मास्तरांचा दात भट्टीतून नुकताच निघालेला. पटाशी तो खिडकीत धरून बघतेय तेवढ्यात मागून दाढोबा, भट्टीवाला आणि आणखी दोघं हसत आले. दाढोबाच्या हातात माप घ्यायची वाटी, वाटीत गुलाबी माल.

"ताई, बसा."

"कशाला?"

"बसा हो! आत्ताच घेऊन टाकू. नंतर तुम्हाला वेळ कुठला, तुम्ही मोठ्या लोकांत."

"अरे, पण मी अजून—"

एवढ्यात वाटी तोंडात. माप घेताना बोलत्या माणसाला गाठायचं, हे याला तिनेच शिकवलं होतं.

ज्यांचं माप कधी घेतलं गेलं नाही त्यांना सांगायला हवं. वाटी तोंडात गच्च बसते. माल घट्ट होईपर्यंत जीभ, ओठ, मान काही हलवायचं नसतं. नाकाने श्वास घ्यायचा आणि छताकडे बघायचं. लाळ गळते ती गळू द्यायची. या अवस्थेत राजाही राजा दिसत नाही. आणि नेमक्या याच वेळी खोलीचं दार उघडून थोरले साहेब आत आले.

थोरल्या साहेबांच्या वडिलांनी कारखाना काढला. साहेबांनी स्वतः आयुष्यात एकही दात केला नव्हता, पण ते नुकतेच तीन दिवसांचं नेतृत्व शिबिर करून आले होते. तिथे त्यांना डोळे बांधून एका झाडापर्यंत चालायला लावलं होतं. तेव्हापासून ते रोज निदान एकदा खाली यायचे.

"वा, वा!" साहेब म्हणाले. "म्हणजे तुमची तयारी सुरूसुद्धा झाली! मी हेच विचारायला येत होतो."

पटाशीने मान आडवी हलवायला घेतली.

दाढोबाने तिचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "हलू नका ताई, माप बिघडेल."

"आपण तुम्हाला वरची जबाबदारी देतोय," साहेब म्हणाले. "तुमची काही हरकत?"

आता नीट बघा. तिचे दोन्ही हात मोकळे होते. वाटीचा दांडा ओठांबाहेर आलेला होता. तो धरून एक झटका दिला असता तर वाटी बाहेर, तोंड मोकळं, आणि 'आहे' एवढं म्हणायला कितीसा वेळ? तिचा उजवा हात उठलाही. दांड्यापर्यंत गेला. पण माल अजून ओला होता. ओल्यात ओढलं की कडा फाटतात, सुळ्यापाशी भोक पडतं, सगळं माप फुकट. इतक्या वर्षांत तिने एकही माप खराब केलं नव्हतं. हात दांड्यावर गेला आणि तिथेच थांबला. ओढण्याऐवजी त्याने वाटी वर दाबून नीट सरळ केली, कारण दाढोबाने ती नेहमीप्रमाणे तिरपी बसवली होती.

साहेबांना वाटलं, बाईंनी हात उचलून संमती दिली.

"ठरलं तर मग!" ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पटाशीच्या हनुवटीवरून लाळ गळत होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. भट्टीवाला शेजारच्याला म्हणाला, "बघ, भरून आलं बिचारीला."

माप उत्तम आलं. एकही बुडबुडा नाही.

*

यानंतर लोक काय काय म्हणाले.

नणंद: "सांगायची पद्धत आहे की नाही? मला तुझ्या नवऱ्याकडून कळावं? एसीचं विचारलंस?"

फरशीवाला, जिन्यात: "आता आम्हाला विसरू नका मॅडम." याआधी त्याने कधी ओळख दाखवली नव्हती. खालचे दोन दात एकमेकांवर चढलेले.

भट्टीवाला: "ताई, तुमचा बारका ब्रश मी घेऊ का? वर काय करायचाय."

दाढोबा: "खिडकीचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सांभाळू आम्ही."

नवरा: "आता?"

*

आता ती वर गेली, नाही म्हणायला. थोरले साहेब बाहेर होते. कवळी, म्हणजे सर, आत बसले होते. काचेच्या खोलीत दुपारी पडदे ओढून दिवे लावलेले.

"ये, ये. बस. नाही, तिथे नको, इथेच बस. तुझीच आहे आता." सर स्वतः उठले आणि त्यांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं. खुर्ची तिला घेऊन कपाटाकडे निघाली. तिने टेबल धरलं.

"सर, मी हे नाही घेणार."

सरांना ऐकू आलं नसावं. ते खण उघडत होते. "हे तुझ्यासाठी रिकामं करून ठेवतो," ते म्हणाले, "फक्त हा एक खण तेवढा..."

खणात दाढा होत्या. खोडरबराच्या. पांढऱ्या, नीट कोरलेल्या, एकमेकींना खेटून खण भरून. मीटिंगमध्ये लोक बोलत असताना टेबलाखाली कागदाच्या पिनेने कोरायचे, ते म्हणाले. कुणाच्या लक्षात येत नाही. सगळ्यांना वाटतं, साहेब खाली मान घालून विचार करतायत. उलट नावच झालंय, सर फार खोल विचार करतात.

त्यांनी एक उचलून तिच्या तळहातावर ठेवली. "ही बघ. वार्षिक आढाव्यात झाली. कशी आहे?"

साठीला आलेला माणूस, आणि शाळेतल्या मुलासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता. पटाशीने दाढ पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात धरली, फिरवली.

"मागची बाजू उंच आहे. चावताना आधी तीच लागेल."

"लागेल ना!" सरांचा चेहरा उजळला. "मलाही वाटलंच होतं. तेव्हा कुणीतरी आकडे विचारले आणि राहून गेलं." त्यांनी पिन घेतली आणि लगेच तिथेच मागची बाजू खरवडायला लागले. खोडरबराचा चुरा कामाच्या कागदांवर पडत राहिला.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही कशाला आलात वर?"

"मी?" त्यांनी फुंकर मारून चुरा उडवला. "मला विचारलं तेव्हा माझ्याही तोंडात मालच होता गं."

"मग नंतर सांगायचं होतं."

"नंतर टाळ्या वाजवून झाल्या होत्या."

तिने खुर्ची सोडली. दाराशी पोचली तेव्हा ते मागून हळूच म्हणाले, "तू नाही म्हणालीस तर दाढोबा येईल, लक्षात आहे ना? त्याचे चढउतार बघितलेस का कधी? दाढ आहे की चौरंग?"

"बघितलेत."

"आणि तो तुझ्या डोक्यावर बसेल."

"बसू दे," पटाशी म्हणाली. "निदान तेवढा वेळ दाढा करणार नाही. दोनशे माणसं नीट चावतील."

हे ती फार ऐटीत बोलली. जिना उतरताना मात्र दाढोबा 'सर' झालेला तिला दिसायला लागला.

*

नाही म्हणणं सोपं असतं. समोरच्याने ते ऐकणं अवघड असतं. थोरल्या साहेबांनी ते ओळीने चार तऱ्हांनी ऐकलं.

पहिल्यांदा ते हसले. "विनय. आवडला मला."

मग गंभीर झाले. "पगाराचं म्हणाल तर आपण बोलू शकतो. स्पष्ट बोला, मला स्पष्ट माणसं आवडतात."

"पगार नको. म्हणजे हवा, पण त्यासाठी नाही म्हणत. मला दात करायचेत."

"बरोबर. म्हणजे तुम्हाला भीती वाटतेय." साहेब पुढे झुकले. "मलाही वाटली होती. डोळ्यांवर पट्टी होती आणि समोर झाड."

"मला झाडाची भीती नाही वाटत."

"मग घरून काही...? मिस्टरांचं काही...?"

"ते तर घे म्हणतात."

मग साहेब खरंच दुखावले. त्यांनी एखाद्याला चांगली वस्तू द्यावी आणि त्याने ती उघडूनही न बघता परत करावी, तसे ते तिच्याकडे बघत राहिले. "पण मग तुम्ही पुढे कुठे जाणार?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना खरोखर काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

"खाली," पटाशी म्हणाली. "गाण्याच्या मास्तरांचा दात द्यायचाय."

साहेबांचे पुढचे चार दात पांढरेशुभ्र होते. परदेशात करून घेतलेले. तिने मान फिरवली.

*

फलकावर नोटीस लागली: 'वैयक्तिक कारणांमुळे'. वैयक्तिक कारणं खोलीत दिवसभर तयार होत राहिली. पहिलं कारण आजारपण. दुसरं, नवरा संशयी आहे. तिसरं, तिला दुसऱ्या कंपनीने पळवलंय, बघाच तुम्ही. चौथं भट्टीवाल्याने काढलं, तिला दिवस गेलेत. पण तिचं वय मोजल्यावर त्याने ते स्वतःच मागे घेतलं. कुणी म्हणालं नाही की तिला नको असेल. नको म्हणणारं माणूस नसतंच, तर कारण कुठून असणार?

नणंदेने रात्री जेवणाच्या वेळी फोन केला.

"खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही. दिलीच नव्हती ना त्यांनी?"

"दिली होती, वन्सं."

"हो गं, हो. दिलीच होती," नणंद इतक्या मायेने म्हणाली की पटाशीला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त तेच झोंबलं. "जाऊ दे. वाईट नको वाटून घेऊस. सगळ्यांनाच कुठे जमतं."

नवऱ्याने फोन तिच्या हातातून काढून घेतला. "अक्का, तिला दिली होती. तिने नाही म्हटलं."

मग नणंद म्हणाली, "तू बायकोला सांभाळून घेतोयस ते आवडलं मला."

*

पटाशीचा जबडा तयारच होता, पण ठेवायचा कुठे? फळी गेलेल्यांची, ती गेली नव्हती. फेकायला कुणाचा हात होईना, इतकं सुंदर माप. काही दिवस तो भट्टीवर राहिला. मग दाढोबा वर गेला, आणि जाताना घेऊन गेला. आता तो त्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून असतो. पटाशी मीटिंगला गेली की तिला आपलेच दात आपल्याकडे बघून विचकलेले दिसतात.

दाढोबाला आता दाढोबा म्हणायचं नाही. नवे सर उत्साही. आल्या आल्या त्यांनी बैठकीची व्यवस्था बदलायला काढली. डॉक्टर मंडळी बघायला येतात, त्यांच्यावर छाप पडायला हवी. खोलीतली सगळ्यात उजेडाची जागा कुठली? खिडकी. तिथे सोफा.

"आणि मी?" पटाशीने विचारलं.

"तुम्ही भट्टीशेजारी, ताई. उलट तुमची ये-जा वाचेल."

"तिथे रंग दिसत नाही, अरे."

"सर" म्हणायला हवं होतं. दोघांनाही ते एकदमच लक्षात आलं.

"दिवे बदलू," ते जरा कोरडेपणाने म्हणाले. "दिवसासारखा उजेड देणारे दिवे मिळतात आता. साहेबांशी बोललोय मी."

"हेच टेबल ठेव. सोफा भट्टीपाशी लाव."

"ताई." त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही घेतली असती ना वरची जागा, तर सोफा कुठे लावायचा ते तुम्ही ठरवलं असतं. मी तुमचं डोकं धरलं होतं की नाही? मग?"

तिला चांगल्या चांगल्या शिव्या आठवल्या. त्या गिळून तिने ब्रश गोळा करायला घेतले.

सोफा आला. करड्या रंगाचा. पटाशीचं टेबल भट्टीशेजारी गेलं, आणि तिथे बसून तिने पहिला दात केला तो खिडकीत नेऊन बघितला तेव्हा मेलेल्या माणसाचा वाटला. तिने तो पुन्हा केला. पुन्हा नेला. डॉक्टर मंडळी महिन्यातून एखाद्या वेळी यायची. एरवी सोफा रिकामा. तिसऱ्या खेपेला तिने दात एकटा नेला नाही. ब्रश, पूड, पाण्याची वाटी सगळं ट्रेमध्ये घालून आणलं, सोफ्यावर बसली आणि ट्रे मांडीवर घेतला. सोफा मऊ. हात टेकायला काही नाही. पाठ दुखायची. एका डॉक्टरने फोन करून विचारलं, हल्ली बाई सुट्टीवर आहेत का?

"ताई, तिथे पूड सांडते," सर वरून उतरून म्हणाले.

"झटकते."

"तो पाहुण्यांसाठी आहे."

"आले की उठते."

ते थोडा वेळ उभे राहिले. ओरडावं की नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शिबिर अजून व्हायचं होतं. शेवटी ते वर गेले. पटाशीने गुडघे जवळ घेतले, ट्रे सावरला आणि दात उजेडात धरला. कडेचा निळसर अजून आला नव्हता. तिने ब्रश पाण्यात बुडवला.

ती नोकरीला लागली तेव्हा खिडकीत झेरॉक्सचं मशीन होतं. उन्हाने तापून ते सारखं बंद पडायचं, म्हणून ते हलवलं आणि ती जागा नव्या मुलीला, म्हणजे तिला, दिली.